ऱ्हस्व कंपनी, दीर्घ बायको

चंद्रहास मोकाशीने दुरुस्त केलेला एसी म्हणजे काय चीज होती, हे कुवेतच्या राई भागातल्या त्या लेबनानी न्हाव्याला विचारावं. ब्याऐंशीच्या जुलैत त्याने आपला जुना खोका चंद्रहासकडून दुरुस्त करून घेतला आणि तिसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाच्या गालावरचा साबण गोठला. तासून काढावा लागला. बाहेर डांबर पातळ झालं होतं, सावल्यासुद्धा थकून भिंतीला टेकून बसल्या होत्या, आणि आत ते गिऱ्हाईक कानटोपी मागत होतं.

अशा या कारागिराचं राईत, गोदामांच्या रांगेत, आठ वर्षं दुकान होतं. हाताखाली सहा माणसं, दारात एक खटारा व्हॅन, आणि दुरुस्तीला आलेल्या मशीनांची छपरापर्यंत उतरंड. यातलं काहीएक त्याचं नव्हतं. म्हणजे होतं त्याचंच, कागदावर नव्हतं. परक्या माणसाला तिथे एकट्याच्या नावावर दुकान काढता येत नसे. परवाना, म्हणजे तिकडचा रुख्सा, कुवेती माणसाच्या नावावर निघायचा, आणि तो माणूस आपला कफील, म्हणजे हमीदार. रुख्सा अबू फहदच्या नावावर, जागा अबू फहदच्या नावावर, व्हॅन अबू फहदची. चंद्रहाससुद्धा कागदोपत्री अबू फहदचाच, पगारी मेकॅनिक. त्याचा पासपोर्ट अबू फहदच्या कपाटात असे. "मी राहतो अब्बासियात," चंद्रहास म्हणायचा, "पण असतो त्या कपाटात."

अबू फहद माणूस मात्र लाखात एक. तरुणपणी मोत्यांसाठी समुद्रात बुड्या मारायचा. लोक दम धरतात तो मनात. अबू फहद छातीत धरायचा. बोलता बोलता विचार करायचा झाला की श्वास कोंडून बसे. एकदा म्हणे मोत्यांच्या भावावर घासाघीस चालली असताना त्याने इतका वेळ दम धरला, की समोरचा व्यापारी घाबरून तीन दीनार खाली आला आणि वर रुग्णवाहिका बोलावून बसला. मुंबईच्या बंदरावर त्याने चार हंगाम काढले होते, त्यामुळे हिंदी बोले. मोडकी, पण मायेची.

चौऱ्याऐंशीच्या मार्चमध्ये तो दुकानात आला, साखरेचा चहा घेतला आणि म्हणाला, "मोकाशी, मैं मरेगा तो दुकान किसका?"

"आपका... म्हणजे आपके लडकों का."

"पाँच लडका है. बडावाला बोलता है, इधर मोटर का शोरूम करेगा. तुम को क्या करेगा? काच के पीछे खडा करेगा?" मग त्याने छातीवर बोट टेकवलं. "इधर खराबी है. बीस तारीख को लंदन जाता, ऑपरेशन. उसके पहले कंपनी बनाओ. एकावन मेरा, उनचास तुम्हारा. फिर लडका लोग कुछ नहीं कर सकता."

एवढं बोलून त्याने दम धरला. चंद्रहासला वाटलं, आता हो म्हटल्याशिवाय म्हातारा श्वास सोडत नाही. तरी तो म्हणाला, "घरी विचारतो."

घरी म्हणजे नीलाला. नीला सरकारी इस्पितळात ऑपरेशन थिएटरची इन्चार्ज सिस्टर होती, अकरा वर्षं. तिथे तिचा असा दरारा की मोठमोठे सर्जन तिला पाहून धुतलेले हात पुन्हा धुवायचे. एकाने तर म्हणे घाईघाईत तिचेच हात धुतले. त्या शुक्रवारी अब्बासियातल्या घरी प्रभाकरही जेवायला आला होता. तो एका तेल कंपनीत अकौंटंट, आणि नाशिकपासूनचा मित्र. त्याने पापडाच्या पुड्याचा कागद उलटा करून मधोमध रेघ मारली.

"चंद्या, हे बघ. इकडे आहे तसं. इकडे कंपनी. आत्ता तू नोकर आहेस. नोकराला कधीही हाकलता येतं, पण नोकराला पळताही येतं. उद्या सुट्टीच्या नावाने पासपोर्ट मागून घेतला, विमानात बसला, संपलं. भागीदार झालास की तुला कुणाचा बाप हाकलू शकत नाही. पण पळायचं झालं तर दुसऱ्या भागीदाराची सही लागणार. नाव बदलायचं, दोघांची सही. वाटा कमीजास्त करायचा, दोघांची सही."

"म्हणजे पिंजऱ्याची मालकी मिळणार," नीला कढी वाढत म्हणाली.

"एकोणपन्नास टक्के," प्रभाकर म्हणाला.

"अहो, मला विचाराल तर शेपूट वाढवू नका. ओढायला सोपी जाते."

"आणि म्हातारा लंडनला गचकला तर?" चंद्रहास म्हणाला. "आठ वर्षं मी त्या दुकानात कॉइल धुतल्यात, नीला. ते पोरगं एका दिवसात काचा लावून मोकळं होईल."

नीलाने पुढे काही म्हटलं नाही. तिचं काही न म्हणणं म्हणजे ठरवा तुमचं तुम्ही, एवढंच असे, हो नव्हे. पण चंद्रहासने ते हो धरलं. शिवाय त्याच्या मनात एक गंमत शिजत होती: कंपनीला नाव द्यायचं नीलाचं. 'नीला एअर कंडिशनिंग'. बोर्ड लागेपर्यंत तिला पत्ता लागू द्यायचा नाही.

"आमच्या ऑफिसातला दुभाषा घेऊन जा," प्रभाकर म्हणाला.

"आठ वर्षं अरबी बोलतोय मी. दुभाषा तुझ्यासारख्यांना."

आता चंद्रहासचं अरबी. शब्द त्याच्याकडे व्हॅनभर होते. ऱ्हस्व-दीर्घाशी मात्र त्याचं जन्माचं वाकडं. मराठीतही दिन आणि दीन त्याला एकच. लग्नाआधी नीलाला लिहिलेल्या पत्रात त्याने 'तुझा दीन कसा गेला' असं विचारलं होतं, आणि तिच्या वडिलांनी ते पत्र वाचून, दीन म्हणजे धर्म असं धरून, मुलगा धार्मिक दिसतो, असा निष्कर्ष काढला होता.

वजारतीच्या, म्हणजे तिकडच्या मंत्रालयाच्या बाहेर, फाटक्या छत्रीखाली, टाइपरायटर घेऊन इजिप्तचे मिसरी लोक बसत. अर्ज त्यांच्याकडून टाइप करून घ्यायचा आणि आत खिडकीवर द्यायचा, अशी रीत. चंद्रहास एका जाड भिंगवाल्यासमोर बसला आणि ऐटीत म्हणाला, "अना अबी शरीका." मला कंपनी हवी.

टाइपवाल्याने भिंगांवरून पाहिलं. "शरीका?"

"ऐवा! शरीका. अबू फहदबरोबर."

"इस्महा?" तिचं नाव?

अरबीत कंपनी ती कंपनी, अगदी मराठीसारखीच. चंद्रहासला कुठेच खटकलं नाही. "नीला."

"हिंदी?"

"हिंदी." आता मालकच भारतीय म्हटल्यावर कंपनी काय चिनी असणार?

"पासपोर्ट?"

वजारतीत कधी काय मागतील नेम नसतो म्हणून चंद्रहास कुटुंबाच्या यच्चयावत कागदांच्या झेरॉक्स एका पिशवीत घेऊन फिरे. त्याने सगळी चळतच पुढे सरकवली. टाइपवाल्याने त्यातून नेमका एक कागद काढला आणि खडाखडा बडवायला सुरुवात केली. मध्येच थांबून त्याने विचारलं, "आणि तू कोण?"

"मी? मुदीर!" चंद्रहास छाती काढून म्हणाला. मॅनेजर.

टाइपवाला उठला. त्याने चंद्रहासचा हात दोन्ही हातांत धरला, डोळे पुसले आणि अशी माणसं आता राहिली नाहीत अशा अर्थाचं बरंच काही बोलला. पैसेसुद्धा निम्मेच घेतले. चंद्रहासला वाटलं, आपल्या अरबीचा परिणाम.

अबू फहदने कागद वाचला तेव्हा त्याने असा काही दम धरला की भिंतीवरचं घड्याळ आपण बंद पडलो की काय म्हणून चाचपडलं. मग तो खदखदून हसला. "शाबाश, मोकाशी! मैं भी पहला नाव अम्मा के नाम पे लिया था." चंद्रहासला वाटलं नावाचं कौतुक चाललंय. तो लाजला. म्हाताऱ्याने सही केली, अंगठाही उमटवला, आणि वीस तारखेला लंडनला गेला.

कागद शिक्का मारून परत आला तो उल्काच्या हाती पडला. उल्का त्यांची मुलगी, नववीत. शाळेत तिला तिसरी भाषा अरबी. अभ्यासाच्या टेबलाशी तिने तो उलटसुलट केला.

"बाबा, व्हाय इज आईज नेम हिअर?"

"हळू! कंपनीचं नाव आहे ते. गंमत आहे, आईला सांगू नकोस."

"नो, बाबा. कंपनीचं नाव वर आहे. 'अबू फहद आणि त्यांची भागीदारीण.' अँड द भागीदारीण इज आई. फॉर्टी-नाइन पर्सेंट. यू आर जस्ट मॅनेजर."

"काहीतरीच काय! मी स्पष्ट सांगितलं, शरीका."

उल्काने कपाळावर हात मारून घेतला. "बाबा, शरिका, शॉर्ट, म्हणजे कंपनी. शरीका, लाँग, म्हणजे लेडी पार्टनर. यू ऑलवेज से इट लाँग! यू टोल्ड द मॅन, मला एक भागीदारीण हवी."

नीला ड्यूटीवरून येऊन दारातच उभी होती. एका पायात चप्पल, एक हातात.

"अहो," ती म्हणाली, फार शांतपणे, जशी ती सर्जनला कैची देताना बोलत असेल, "मला न विचारता तुम्ही मला अबू फहदची भागीदारीण केलीत?"

"अगं, ऱ्हस्व-दीर्घ झालं..."

"सरकारी नोकराला धंद्यात वाटा घेता येत नाही. माहीत आहे ना?"

माहीत होतं. तिच्या नेमणुकीच्या कागदावर तिसऱ्या ओळीतच ते होतं. त्यानेच एकदा मोठ्याने वाचून दाखवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दोघं वजारतीत गेले. खिडकीशी लैला नावाची कारकून बाई होती. नखं लाल, चष्मा सोनेरी. नीलाला अरबी चंद्रहासपेक्षा चांगलं यायचं, पण सगळं इस्पितळातलं. ती पुढे झाली आणि कागद सरकवत तिने विचारलं, "बहिणी, कुठे दुखतंय?"

लैलाने कागद पाहिला, नीलाच्या अंगावरचा इस्पितळाचा गणवेश पाहिला. "तुझ्या नोकरीत."

"काढून टाका."

"कसं काढू?" लैलाने खुर्ची जवळ ओढली, तिलाही आता गंमत वाटायला लागली होती. "नाव बदलायला दोन्ही भागीदारांची सही लागते. एक लंडनला. दुसरी तू. पण तू अजून भागीदार झालेलीच नाहीस. तीस दिवसांत इथे येऊन सही केलीस की होशील. मग बाहेर पडायचा अर्ज करता येईल."

"म्हणजे बाहेर पडायला आधी आत यायचं?"

"दार आतून उघडतं, बहिणी."

"आणि आत आले की?"

"एक प्रत तुझ्या इस्पितळाला जाते. त्याच दिवशी."

चंद्रहास मागून म्हणाला, "आणि सहीच नाही केली तर? जुना रुख्सा आहेच की."

"जुना रद्द झाला. नवीन अर्जावर शिक्का बसला त्या क्षणी."

"मग सध्या दुकान कुणाचं?"

लैलाने चष्मा काढून विचार केला. "सध्या? कुणाचंच नाही. तीस दिवसांनी अर्ज बाद होईल. मग नवा रुख्सा अबू फहद काढेल, नाहीतर त्याचं मुखत्यारपत्र ज्याच्याकडे आहे तो."

मुखत्यारपत्र थोरल्या मुलाकडे होतं. तोच, मोटारींच्या शोरूमवाला.

त्यानंतरचे दिवस चंद्रहासने काढले तसे आयुष्यात कुणी काढू नयेत. लंडनला त्याने तीन तारा केल्या. उत्तर एकच आलं, म्हाताऱ्याची छाती उघडी आहे, सही करण्याच्या अवस्थेत नाही. दुकानाचं दार उघडं असे, पण त्यातून गिऱ्हाईक आत येताना त्याला वाटे, आपण याला कुणाच्या दुकानात या म्हणतोय? मशीन दुरुस्त करायचा आणि ते थंडच होत नसे. राईतली सगळी यंत्रं त्या महिन्यात कोमट वारा सोडत होती. तो लेबनानी न्हावीसुद्धा येऊन विचारून गेला, उस्ताद, तब्येत बरी आहे ना?

घरी तो नीलाला म्हणाला, "जाऊ दे. मी कुठेतरी नोकरी धरतो. लोक एसी बिघडवायचे थोडेच थांबणार आहेत? तू सही करायची नाहीस." तो हे दर दोन दिवसांनी म्हणे, आणि म्हणताना तिच्याकडे बघत नसे. नीला इस्त्री करत असे. "बरं," म्हणे.

अठ्ठाविसाव्या दिवशी दुपारी नीला सकाळची ड्यूटी आटोपून त्याचा डबा घेऊन दुकानात आली. आत थोरला मुलगा आला होता, बरोबर मोजमाप घेणारा एक माणूस. वाईट नव्हता तो पोरगा. त्याने सलाम केला, चंद्रहासच्या तब्येतीची चौकशी केली. त्यांची टेप एका भिंतीपासून निघाली ती सरळ चंद्रहासच्या खुर्चीशी आली.

"जरा पाय वर," मुलगा म्हणाला.

चंद्रहासने पाय वर घेतले. टेप खालून पलीकडे गेली. साडेनऊ मीटर. मोजणाऱ्याने आकडा लिहिला, आणि तो लिहीपर्यंत चंद्रहास तसाच बसून होता, दोन्ही पाय हवेत, हात मांडीवर, फोटोला बसवलेल्या मुलासारखा.

नीलाने डबा टेबलावर ठेवला आणि ती गेली. कुठे, ते त्याला दुसऱ्या दिवशी लैलाच्या खिडकीवरून आलेल्या कागदावर कळलं. सही ठसठशीत होती. थिएटरच्या नोंदवहीत ती करायची, तशीच.

इस्पितळाने आठवड्याच्या आत तिचा राजीनामा घेतला. निरोपाला सर्जन मंडळींनी एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते तिने दुकानात लावलं.

पुढचे चार महिने चंद्रहासने एका आशेवर काढले: अबू फहद बरा होऊन येईल आणि सगळं सुतासारखं सरळ होईल. दोघं भागीदार सह्या करतील, वाटा आपल्या नावावर येईल, नीलाला कुठल्या तरी खासगी दवाखान्यात काम बघू. दरम्यान नीला रोज दुकानात येई. टेबल तिचं झालं. रजेचे अर्ज तिच्याकडे जात. त्याचासुद्धा तिच्याकडेच गेला. पुतण्याच्या मुंजीला नाशिकला जायचं होतं. "ऑगस्टात? सीझन आहे," असं म्हणून तिने तो परत केला, खाली लफ्फेदार सही करून.

सप्टेंबरात अबू फहद परतला, दहा वर्षांनी तरुण होऊन. लंडनच्या डॉक्टरांनी म्हणे त्याची छाती उघडली तेव्हा आतून समुद्राचा असा वास सुटला, की एका नर्सला बोट लागल्यासारखं गरगरलं. तो सरळ दुकानात आला, दुपारच्या बंदच्या वेळेआधी थोडा वेळ. चंद्रहासने लगेच कागद पुढे केले. प्रभाकरच्या दुभाष्याकडून, ऱ्हस्व-दीर्घ चारदा तपासून करून घेतलेले.

"कोई बात नहीं," अबू फहद म्हणाला आणि सही केली. "बाई, अब आप."

नीलाने कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. वाचून तो परत दिला.

"मी नाही करणार."

"अगं, चूक सुधारतोय ना आपण!"

"तुमची चूक ना? ती सुधारायला माझी एक नोकरी गेली. अकरा वर्षं ज्या टेबलाशी उभी होते तिथे आता दुसरी बाई उभी आहे. ते टेबल मला परत देणारा कागद असेल तर आणा, डोळे मिटून सही करते. हा नाही. एक गेली, आता ही दुसरीही सोडू? मी कुठे जाऊ मग, कढी करत बसू?"

"पण दुकान माझं आहे, नीला. आठ वर्षं..."

"मला माहीत आहे. म्हणून तर सही केली होती."

चंद्रहासने अबू फहदकडे पाहिलं. म्हाताऱ्याने दम धरला होता. पण नीलाने नुसतं मनगटावरच्या घड्याळाकडे बघून नाडी मोजावी तशी वाट पाहिली, आणि दीड मिनिटाने तोच हरून श्वास सोडता झाला. "मोकाशी," तो म्हणाला, "दोनों का सही लगता है. एक का है. मैं क्या करेगा?"

एक वाजला. माणसं शटर ओढायला निघाली तशी नीला उठली. तिने हत्यारांची पेटी टेबलावर उपडी केली आणि यादी समोर धरून एकेक हत्यार बाजूला सारत मोजायला लागली.

"सतरा पान्हे दिले होते सकाळी. सोळा आहेत."

"राहिला असेल कुठे," चंद्रहास म्हणाला.

"कुठे म्हणजे? आज किती मशीनं उघडून बंद केलीत?"

"पाच. नीला, हे एसी आहेत, माणसांची पोटं नव्हेत."

"उघडलं आणि शिवलं की पोटच. मोजणी जुळल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही." मग शटरकडे वळून, "आतून लावून घ्या रे. ऊन येतंय."

शटर खाली आलं. आत सहा कारागीर, एक मॅनेजर, आणि हळूच काठी उचलून निघालेला एक्कावन्न टक्के. "बसा, अबू फहद," नीला म्हणाली, "तुम्हालाही थांबावं लागेल." तो बसला.

चंद्रहासने पहिल्या मशीनचे आठ स्क्रू काढले, आत हात घालून चाचपलं आणि पुन्हा बसवले. दुसऱ्याचे काढले. शर्ट पाठीला चिकटला होता. तिसऱ्या मशीनपाशी गुडघे टेकताना त्याने मान वर करून विचारलं, "आणि पाचांतही नाही सापडला तर?"

"तर पुन्हा पहिल्यापासून मोजू," नीला म्हणाली, आणि यादीवर नवी खूण करायला तिने पेन्सिलीला टोक काढायला घेतलं.